भिंतीवरच्या तसबिरी आणि आपली अभिरुची

घर कसे सजवावे यावर मराठीत बरेच लिहिले जाते. दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून, महिलांच्या मासिकांतून हा विषय वर्षानुवर्षे येत राहतो. भिंतीवर चित्रे कशी लावावीत याचे त्यात नियमच सांगितलेले असतात. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा. अनेक चित्रे एकत्र लावायची असतील तर ती आधी जमिनीवर मांडून पाहावीत. दोन चौकटींमधले अंतर सारखे राखावे. सोफ्यावरच्या चित्राची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांशाइतकी असावी. चित्रातला एखादा रंग पडद्यात उतरावा. हे नियम वाईट नाहीत. पाच फुटांचा नियम तर चांगलाच आहे, त्याकडे मी पुढे येणार आहे. परंतु या सगळ्या लेखनात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती म्हणजे रिकामी भिंत.

रिकामी भिंत ही मालमत्ता आहे. ती ज्याच्याकडे आहे त्यालाच तिच्यावर काय लावावे हा प्रश्न पडू शकतो. वरळीच्या किंवा नायगावच्या बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या या खोल्यांतून गिरणी कामगारांच्या आणि आपल्या लोकांच्या पिढ्या वाढल्या. त्या खोलीत एका भिंतीला भांड्यांची मांडणी, दुसरीला खुंट्या आणि त्यांवर दिवसपाळी-रातपाळीचे कपडे, तिसरीला फळी आणि फळीवर ट्रंका व अंथरुणाच्या वळकट्या, चौथीत दार आणि खिडकी. तसबिरीला उरे ती छताखालची हातभर पट्टी. इतक्या उंचावरचे खालून दिसावे म्हणून तसबीर पुढे झुकवायची. खालची कड दोन खिळ्यांवर टेकलेली आणि वरची सुतळीने मागे बांधलेली. गावाकडे तर शेणामातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, पोपडा सुटून खाली येतो. तिथे तसबीर तुळईला किंवा खुंटीला टांगलेली. वरवर पाहणाऱ्याला वाटते, ही मंडळी भक्तीने तसबिरी उंच लावतात. भक्ती नंतर आली असेल. आधी होती ती जागेची टंचाई, भिंतीच्या खालच्या अंगाची ओल, चुलीचा धूर आणि लहान मुलांचे हात.

आपल्या समीक्षेने या भिंतीकडे फारसे पाहिले नाही. कवितेतल्या एका प्रतिमेवर आपण दहा पाने खर्च करतो. आत्मकथनातल्या भाकरीवर प्रबंध होतात. पण ज्या प्रतिमा आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत असतात, त्यांची निवड कोणी केली, त्या कशा काढल्या आहेत, कुठे लावल्या आहेत, हे विचारण्यासारखे आपल्याला वाटत नाही. यशदत्त अलोने आणि गॅरी टारटाकोव्ह यांनी या दिशेने इंग्रजीत गंभीर काम केले आहे. टारटाकोव्ह यांनी संपादित केलेला दलित कला आणि दृश्यप्रतिमा यांवरचा ग्रंथ २०१२ साली आला. पण तो विद्यापीठाच्या कपाटात राहिला. चाळीत उतरला नाही.

महाराष्ट्रातल्या सामान्य घरात भिंतीवरचे रंगीत चित्र आले ते छापखान्यातून. १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा सुरू केली. देवादिकांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची शिळाछाप चित्रे तेथून निघाली आणि घरोघर गेली. हे तेच विष्णुशास्त्री, ज्यांनी निबंधमालेतून जोतीराव फुल्यांची टवाळी केली. मराठी भिंतीवर नाना फडणीस आला आणि जोतीराव आले नाहीत, यात योगायोग नाही. ज्याच्या हाती छापखाना त्याच्या हाती भिंत. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला, काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वतीची त्याची रूपे देशभरच्या भिंतींवर पोचली.

रविवर्म्याच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्या घरी त्याने देव पोचवला, म्हणून तो एक प्रकारे समतेचा दूत. हा मुद्दा इतक्यांदा सांगितला गेला आहे की आपल्यातल्याही काही लेखकांनी तो स्वीकारला. मला तो मुळीच मान्य नाही. रविवर्म्याचा छापखाना निघाल्यानंतर छत्तीस वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्यांच्या घरात रामाची तसबीर असू शकत होती त्यांनाच त्या रामाच्या दारात दगड खावे लागले. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. मग घरात आलेल्या त्या देवाने काय दिले? देवळाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याने घरातच बाहेर उभे राहायला शिकवले. शिवाय त्याने आणखी एक गोष्ट शिकवली. सुंदर म्हणजे काय ते. सुंदर म्हणजे गोरे, भरल्या अंगाचे, उंची लुगड्यातले, हातांना कष्टाची खूण नसलेले. आपल्या मायबहिणी दिवसभर राबून घरी येत आणि त्या चित्राखाली बसून भाकऱ्या थापीत. त्या चित्रात त्यांच्यासारखी दिसणारी एकही बाई नव्हती.

छपाईने चित्र स्वस्त झाले, एवढे मात्र खरे. त्या तंत्राचा धडा आपण घ्यायला हवा होता. तो आपण अजून घेतलेला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या वस्त्यांत जे घडले त्याचा इतिहास धर्मांतराचा म्हणून लिहिला गेला. तो अभिरुचीचा इतिहास म्हणूनही लिहायला हवा. बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या प्रतिज्ञा देवांच्या नकाराच्या आहेत. तो नकार लोकांनी नागपुरात तोंडाने उच्चारला आणि गावी परतून भिंतीवर अमलात आणला. देवघरातले टाक, मूर्ती, तसबिरी खाली उतरल्या आणि नदी-ओढ्यांत सोडल्या गेल्या. जुनी माणसे सांगत, धुराने काळवंडलेल्या भिंतीवर तसबिरीमागचा चुना तेवढा पांढरा राहिलेला असे, त्यामुळे देव गेल्यावरही त्यांचे चौकोन कितीतरी दिवस दिसत. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायामाणसांनी एका प्रतिमेसमोर उभे राहून हे आपले नव्हे असा निवाडा केला आणि तो पाळला. मराठी समाजात याहून मोठी कलासमीक्षा झाल्याचे मला माहीत नाही. त्या रिकाम्या चौकोनांत काय लावायचे हे त्या वेळी आपण स्वतः ठरवले.

लावले ते बाबासाहेबांचे छायाचित्र आणि बुद्धाचे चित्र. इथपर्यंत सगळे ठीक. परंतु त्यानंतर ही निवड हळूहळू आपल्या हातून निसटली आणि बाजाराकडे गेली, हे माझे म्हणणे आहे. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर तसबिरींची दुकाने लागतात. तिथे अर्धा दिवस केवळ चित्रे पाहत हिंडावे. पुस्तकांच्या दुकानासमोर आपला वाचक चोखंदळ असतो, प्रस्तावना चाळतो, प्रकाशक पाहतो. तसबिरीच्या दुकानासमोर तोच माणूस आकार आणि किंमत पाहतो. चित्रकाराचे नाव चित्रावर नसते, कोणी विचारतही नाही. बुद्धाच्या डोक्यामागे तेच फिरते तेजोवलय, तेच गुलाबी ओठ, मागे तेच हिमालय आणि तीच कमळे, जी काल दुसऱ्या कुणाच्या मागे होती. देव उतरवले, पण देवांचा रंगारी तसाच ठेवला.

आणि हे कुठे? तर महाराष्ट्रात. ज्या भूमीत अजिंठा आहे, वेरूळ आहे, कार्ले-भाजे आहे. बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ जिथे उभे आहे त्याच्या पाठीमागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. अजिंठ्याच्या चित्रकाराकडे गेरू होता, पिवळी माती होती, काजळ होते, चुना होता, हिरवी माती होती आणि दुरून आणलेला निळा दगड होता. एवढ्या सामग्रीवर त्याने जे चेहरे काढले ते सावळे आहेत, विचारात पडलेले आहेत. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा चेहरा आपल्यापैकी कुणाच्याही घरातला वाटावा असा आहे. तो आपल्या भिंतीवर क्वचितच दिसतो. बाबासाहेबांनी उतारवयात हातात कुंचला घेतला होता, चित्रकलेचे धडे घेतले होते. त्यांनी काढलेले म्हणून ओळखले जाणारे बुद्धाचे चित्र उघड्या डोळ्यांचे आहे. डोळे मिटलेला बुद्ध आणि डोळे उघडलेला बुद्ध यांत काय फरक आहे हे आपल्या कार्यकर्त्याला समजावून सांगावे लागत नाही. तरीही दुकानात जाऊन आपण आणतो तो बहुधा मिटल्या डोळ्यांचाच.

बाबासाहेबांच्या चित्राचेही तेच झाले आहे. त्यांची छायाचित्रे किती तऱ्हेची आहेत! फेब्रुवारी १९३४ मधले राजगृहातले कुटुंबाचे छायाचित्र घ्या. रमाई आहेत, यशवंत आहे, घरातली माणसे आहेत, आणि त्यांचा लाडका कुत्राही आहे. वाचताना, लिहिताना, आजारी, थकलेले, हसणारे, अशी कितीतरी छायाचित्रे उपलब्ध आहेत. कॅलेंडरवाल्याने त्या सगळ्यांचा एक चेहरा केला. गोरापान, गालावर लाली, निळा कोट, मागे संसद. त्या कोटाचा अर्थ मोठा आहे, हे मी नाकारीत नाही. ज्यांना अंगभर वस्त्र घालण्याचीही बंदी होती त्यांच्या माणसाने तो घातला. पण वर्णाने सावळ्या समाजाने आपल्या नेत्याला गोरा करून भिंतीवर लावावे, याला काय म्हणायचे? रविवर्म्याची लक्ष्मी अजून पुरती खाली उतरलेली नाही, असे माझ्या मनात येते.

भिंतीवर कोण असावे हा प्रश्न घरापुरता नसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात, जिथे संविधान तयार झाले, तिथे बाबासाहेबांचे तैलचित्र लागायला १२ एप्रिल १९९० उजाडावे लागले. चाळीस वर्षे त्या सभागृहाच्या भिंतीवर मसुदा समितीच्या अध्यक्षाला जागा नव्हती. त्या चाळीस वर्षांत आपल्या खोल्यांतल्या छताखालच्या पट्टीवर मात्र ते होतेच. देशाच्या भिंतीने जे केले नाही ते आपल्या पोपडे सुटलेल्या भिंतीने केले. म्हणून मी या कॅलेंडरच्या चित्रांवर टीका करतो तेव्हा ती विकत आणणाऱ्यांवर करीत नाही. त्यांनी जे मिळाले ते लावले. आपण लिहिणाऱ्यांनी, काढणाऱ्यांनी, छापणाऱ्यांनी त्यांना दुसरे काही दिले नाही.

मांडणीचेही पाहा. बुद्ध मध्ये, बाबासाहेब शेजारी, मग फुले, शाहू महाराज, कुठे शिवाजी महाराज, आणि कडेला सावित्रीबाई, रमाई. कितीतरी घरांत बायका या रांगेच्या शेवटी असतात. माईसाहेबांची तसबीर तर मला फार थोड्या घरांत दिसली. त्यांच्याविषयीचे वाद काय ते असोत, पण भिंतीने निकाल दिलेला दिसतो. रांग केली की उतरंड येते. सगळ्यांना प्लास्टिकचे हार, समोर लाल झिरोचा बल्ब. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीविषयी ज्यांनी इशारा दिला त्यांच्याच तसबिरीला आपण उदबत्तीच्या धुराने काळे करतो. पाच फुटांचा नियम चांगला आहे असे मी म्हटले ते यासाठी. तसबीर डोळ्यांच्या रेषेत आली की माणूस तिच्याशी बोलू शकतो, तिच्यातल्या चष्म्याची काच पाहू शकतो, हातातल्या पुस्तकावरची अक्षरे वाचू शकतो. मान वर करून फक्त हात जोडता येतात. पूर्वी खोली लहान होती, इलाज नव्हता. आज ज्याच्याकडे भिंत आहे त्याने तसबीर खाली आणावी.

आज पुष्कळांकडे भिंत आहे. शिकलेली एक पिढी नोकऱ्यांत गेली, तिने सदनिका घेतल्या. बी. डी. डी. चाळींचाही पुनर्विकास चालला आहे आणि १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. मोकळ्या भिंतीचा प्रश्न प्रथमच इतक्या घरांत एकदम उभा राहतो आहे. आणि तिथे मी एक गोष्ट पाहतो आहे, ती नोंदवल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. बाबासाहेबांची तसबीर बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत चालली आहे.

कारणे उघड आहेत. घर भाड्याने पाहायला गेलेल्या माणसाला मालक आधी आडनाव विचारतो, आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतो. तरीही कळले नाही तर पुढे कधी तरी भाडे न्यायला आला की भिंत वाचतो. माझ्या एका प्राध्यापक मित्राला अकरा महिन्यांचा करार संपताच घर सोडावे लागले. मालक काही बोलला नाही. फक्त भिंतीकडे पाहिले आणि पुढच्या महिन्यात मुलाचे लग्न निघाले. हे शहरातले सभ्य प्रकरण. शिर्डीला २०१५ साली मोबाईलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले म्हणून एका तरुणाचा जीव घेतला गेला. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. ७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली. अशा देशात तसबीर कुठल्या खोलीत लावायची हा सजावटीचा प्रश्न कसा राहील? आत लावणाऱ्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. त्याच्या मुलांना त्या सोसायटीत खेळायचे असते.

पण बाहेरच्या खोलीत तिच्या जागी काय येते ते पाहिले की मला स्वस्थ बसवत नाही. तिथे येते बुद्धाचे मुंडके. शोभेच्या वस्तूंच्या दुकानात मिळणारे, मानेपासून कापलेले, सोनेरी किंवा काळे, पाण्याच्या लहानशा कारंज्याशेजारी ठेवायचे. हे सवर्णांच्या दिवाणखान्यातून आपल्याकडे आले आहे. तिथे तो बुद्ध कुणाचाच नसतो. तो शांततेचा रंग असतो, पडद्यासारखा. गंमत अशी की तेच मुंडके त्यांच्या घरी असले तर अभिरुची ठरते आणि त्याच बुद्धाची तसबीर आपल्या घरी असली तर जात ठरते. म्हणजे आपण त्यांचे मुंडके आणून आपली तसबीर झाकतो, आणि त्याला सजावट म्हणतो.

दुसरे येते ते वारली चित्र. डहाणूकडच्या आदिवासी बायका लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. ते चित्र त्या लग्नाचे असते, टिकवण्याचे नसते. भिंत पुन्हा सारवली की गेले. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी तिकडे गेले, कागद दिला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यासारखा थोर चित्रकार जगाला दिसला. पुरुषांनी कुंचला घेतला, चित्र भिंतीवरून कागदावर आले, कागदावरून दिल्ली-पॅरिसला गेले. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. यातून आदिवासी कलावंताला नाव मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. पण पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात जे चौकटीत लागते ते बहुतेक वेळा मशे यांचे नसते, कुणाचेच नसते. काठीसारखी माणसे, गोल नाच, चहाच्या कपावर आणि उशीच्या अभ्र्यावरही तेच. ज्याने धरणासाठी आणि रस्त्यासाठी आदिवासीची जमीन घेतली त्याच्या कचेरीतही तेच. आदिवासी नाचताना भिंतीवर चालतो, दारात चालत नाही. आपल्या नव्या घरांतही ही चौकट न बघता लावली जाते, तेव्हा निदान काढणाऱ्याचे नाव तरी विचारावे.

आता आपल्या चित्रकारांकडे येतो. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस रंगवला, देवदासी रंगवली. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे घेतली, गटारात उतरलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर आणले. ही कामे मोठी आहेत. भारतीय कलेने जे झाकले ते त्यांनी उघडे केले. परंतु ती कुणाच्या भिंतीवर आहेत? कलादालनांच्या, संग्राहकांच्या, परदेशी विद्यापीठांच्या. आपल्या माणसाच्या घरात ती नाहीत. पैशाचे कारण आहेच, पण ते एकच कारण नाही. मी एका सफाई कामगाराच्या घरी हा विषय काढला होता. तो म्हणाला, "सर, दिवसभर तेच करतो. घरी आल्यावर भिंतीवरबी तेच बघू का?"

हा आक्षेप जुना आहे. दलित कवितेवरही तो घेतला गेला. तेव्हा तो घेणारे वेगळे होते आणि आपण त्यांना योग्य उत्तर दिले. या कामगाराला मात्र ते उत्तर देता येत नाही, कारण भिंतीवरच्या चित्राचा धर्मच कवितेहून निराळा आहे. कविता वाचून पुस्तक मिटता येते. नाटक पाहून घरी जाता येते. भिंतीवरचे चित्र तुमच्याबरोबर जेवते, झोपते, आजारपणात तुमच्यासमोर असते, मुलाच्या अभ्यासावर लक्ष ठेवते. त्यात धक्का द्यायची ताकद असून भागत नाही, सोबत करायची ताकद लागते. धक्का देणारे चित्र ज्याला धक्का बसायला हवा त्याच्या भिंतीसाठी आहे. तो माणूस ते विकत घेतो, आणि गुंतवणूक म्हणून घेतो, हा भाग निराळा. आपल्या भिंतीसाठी मात्र दुसरे चित्र लागेल, आणि ते काढायचे आहे म्हणजे वेदना विसरायची आहे असे नाही. नकाराची कविता लिहिणाऱ्या आपल्याच कवींनी आईवरही लिहिले, पावसावरही लिहिले. आपल्या चित्रकाराने ज्वारीचे कणीस, रमाईच्या हातातली शेणी, रात्रशाळेतला कंदील, चवदार तळ्याचे पाणी अशा प्रकारे काढावे की ते वीस वर्षे एका घरात राहू शकेल. हे धक्का देण्यापेक्षा कठीण काम आहे.

आणि ते छापले पाहिजे. छापखान्याचा धडा म्हणालो तो हा. मूळ चित्र एकाच्या घरी जाते. छापील चित्र दहा हजार घरी जाऊ शकते. परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचे चरित्र 'भीमायन' या पुस्तकात चित्रांतून सांगितले, ते २०११ साली आले. त्यात चेहरा गोरा नाही, मागे संसदही नाही. माणसे, जनावरे, पाणी यांच्या अंगावर एकाच हाताची नक्षी फिरते. बिहारच्या मालविका राज यांनी मधुबनीच्या शैलीत, जिथे पूर्वी राम-सीता असत तिथे, बुद्ध आणि बाबासाहेब आणले. अशी चित्रे चांगल्या कागदावर छापून शिवाजी पार्कच्या दुकानात कॅलेंडरच्या शेजारी, कॅलेंडरच्याच भावात का ठेवली जाऊ नयेत? आपली नियतकालिके वर्षाला एक चित्र वर्गणीदारांना देऊ शकतात. आपण विशेषांक काढतो, चर्चासत्रे घेतो, त्यांतल्या एका चहापानाच्या खर्चात हे होईल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ती लहान वाटेल, पण माझ्या मते ती सर्वांत निकडीची आहे. आपल्या घरांत छापील चित्रांखेरीज आणखी एक प्रकारची तसबीर असते. आजा-आजीचा फोटो, लग्नाचा फोटो, कुठे समता सैनिक दलाच्या गणवेशातला बाप, कुठे नागपूरहून परतल्यावर पांढऱ्या कपड्यांत काढलेला सगळ्या कुटुंबाचा फोटो. १९५६ च्या आगेमागे काढलेली ही छायाचित्रे आता सत्तर वर्षांची झाली. चळवळीचा इतिहास लिहिताना आपण कागदपत्रे शोधतो. हे कागदपत्र भिंतीवर सडते आहे. फ्रेमवाला स्वस्तात करून देतो तेव्हा फोटो थेट काचेला टेकवतो आणि मागे साधा पुठ्ठा ठोकतो. पावसाळ्यात काचेच्या आत दमट होते, फोटो काचेला चिकटतो आणि मग काढू गेले की चेहराच काचेवर राहतो. पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो, कसर लागते. म्हणून फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची पट्टी घालायला सांगावी, म्हणजे दोहोंत अंतर राहते. मागे आम्लविरहित कागद घालून घ्यावा. तसबीर ओल येणाऱ्या भिंतीवर आणि थेट उन्हासमोर लावू नये. मूळ फोटो फारच नाजूक असेल तर त्याची नक्कल काढून ती भिंतीवर लावावी आणि मूळ पाकिटात कोरडे ठेवावे.

आणि मढवायला देण्यापूर्वी फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नावे लिहावीत. उभे कोण, बसलेले कोण, गाव कोणते, साल कोणते, फोटो कशाच्या निमित्ताने काढला. मी ज्या ज्या घरी या जुन्या तसबिरी उतरवून पाहिल्या तिथे बहुतेकींच्या पाठीवर काही लिहिलेले नव्हते. पुरुषांची नावे घरातल्या कुणाला तरी सांगता येत होती. बायकांच्या बाबतीत, ही अमक्याची आई, ती तमक्याची थोरली बहीण, एवढेच. ज्यांना नावे ठाऊक आहेत ती माणसे आज ऐंशीच्या पुढची आहेत.